तान्ह्या पोळ्याचा बैल आणि नाताळचा आठवडा

मागच्या आठवड्यात आमच्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका बाबांनी विचारलं, मॅडम, ते स्टार आणि देखावा वगैरे सगळं ठीक आहे पण पोर्शन कुठपर्यंत आला, जानेवारीत चाचणी आहे ना? प्रश्नात काही चूक नव्हती. पोराची काळजी असलेला माणूस विचारणारच. मी लगेच टाकलं की पोर्शन वेळेवर आहे, काळजी करू नका, खाली हात जोडलेला इमोजी पण टाकला, पण रात्री ओटा आवरता आवरता वाटत राहिलं की हे काही उत्तर नव्हतं. खरं उत्तर मोठं आहे, ग्रुपवर मावणारं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आधी सांगते, आमची शाळा कॉन्व्हेंट नाही. साधी मराठी माध्यमाची, सेमी इंग्लिश, स्टेट बोर्डाची शाळा, माझ्याकडे तिसरी ब, पटावर एकेचाळीस पोरं. नाताळची आठ-दहा दिवसांची सुट्टी वगैरे आमच्याकडे नसते, फक्त पंचवीस तारीख. त्यामुळे नाताळच्या आधीचा आठवडा आम्ही पूर्णच्या पूर्ण शाळेत काढतो, आणि सतरा वर्षं शिकवून झाली तरी मला त्या आठवड्याची अजून ओढ वाटते. इथे नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन आटोपलेलं असतं, मोर्च्यांमुळे उशिरा येणारे ऑटो परत वेळेवर यायला लागतात, सिव्हिल लाइन्सकडे जाताना बॅरिकेड्स अजून फुटपाथवर टेकवलेले दिसतात. थंडी चांगली पडलेली असते, पहाटे पारा दहाच्या खाली जातो, आणि शाळा साडेदहाची असली तरी अर्धी पोरं जेवणाच्या सुट्टीपर्यंत कानटोपी काढत नाहीत, मग हजेरी घेताना कोण बोललं ते ओळखूच येत नाही.

आणि या आठवड्यात किती काय येतं ते कॅलेंडरवर बघा एकदा. २० डिसेंबर गाडगेबाबांची पुण्यतिथी, २२ ला रामानुजन यांचा जन्मदिवस म्हणून राष्ट्रीय गणित दिवस, त्याच सुमाराला वर्षातला सगळ्यात लहान दिवस, २४ ला साने गुरुजींची जयंती, आणि २५ ला नाताळ. प्रत्येकाचं परिपत्रक वेगळं, प्रत्येकाचे फोटो वेगळे काढून पाठवायचे. पूर्वी मी पण तसंच करायची, एक दिवस एक फोटो आणि फाइल बंद. पण पोरांच्या डोक्यात असे कप्पे नसतातच, हे मला फार उशिरा कळलं.

शनिवारी गाडगेबाबा झाले. म्हणजे भाषण नाही केलं, फडे आणले. शिंदीचे दोन फडे शाळेतले आणि चार पोरांनी घरून आणलेले, आणि वर्ग झाडायच्या आधी मी एवढंच सांगितलं की डोक्यावर गाडगं आणि हातात खराटा घेऊन हा माणूस गावात शिरायचा आणि आधी गाव झाडायचा, मग संध्याकाळी कीर्तन करायचा. अमरावती जिल्ह्यातला माणूस, आपल्याच बाजूचा, आणि गेले ते पण अमरावतीजवळच, १९५६ साली, बाबासाहेबांनंतर अवघ्या दोन आठवड्यांनी. ते वर्ष आमच्या नागपूरच्या पोरांना वेगळं सांगावं लागत नाही, अर्ध्या वर्गाच्या घरी १९५६ हा आकडा दीक्षाभूमीमुळे पाठ असतो. एक पोट्टी पटकन म्हणाली, म्हणजे दीक्षा झाली त्याच वर्षी, अन दोघंबी गेले. मग काही वेळ कोणी बोललं नाही आणि मग सगळे झाडायला लागले. कपाटामागून सापडलेल्या वस्तूंची यादी मोठी आहे, त्यात दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या कामट्या, जिलेटीनचा एक अख्खा लाल ताव आणि गेल्या वर्षीच्या कुणाच्या तरी पतंगाचं शेपूट. हे सगळं मी फेकू दिलं नाही. सोमवारी लागणार होतं.

सोमवारी २२ तारीख. पहिल्या तासालाच मीटरपट्टी घेऊन मैदानावर गेलो आणि ती उभी धरून तिची सावली मोजली. अकरा वाजता सावली भरली ११० सेंटिमीटर. पोरांनी खडूने खूण केली. मग परत आत, परत बाहेर, असं दर वीस मिनिटांनी, आणि प्रत्येक वेळी सावली आखडत जात होती. शेजारच्या वर्गाच्या मॅडम खिडकीतून बघत होत्या की यांचं चाललं तरी काय. सव्वाबाराच्या जरा आधी ती सगळ्यात लहान झाली, ९९ सेंटिमीटर, जवळजवळ पट्टीएवढीच! मला हे आधी माहीत होतं, पण पोरांना मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. नागपूर पृथ्वीवर अशा जागी आहे की या दिवशी दुपारी सूर्य जवळपास पंचेचाळीस अंशांवर असतो, म्हणून ज्याची जेवढी उंची तेवढीच त्याची सावली. मग काय, प्रत्येकाला आपली मोजायची होती. १२२ सेंटिमीटरच्या पोराची सावली १२० भरली, सगळ्यात बुटकी पोरगी ११२ ची, तिची ११०. ती आपल्या सावलीच्या डोक्यावर पाय ठेवायला धावत होती आणि सावली पुढे पळत होती आणि ती हसून हसून दमली.

एकाने विचारलं, मॅडम, मग सावली गायब कधी होते? गायब होते रे, मेच्या शेवटी, २६ तारखेच्या आसपास, आपल्याकडे सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काही क्षण पडतच नाही. तेव्हा शाळेला सुट्टी असते आणि बाहेर पंचेचाळीस डिग्री, म्हणून आपण कधी पाहत नाही. तीन-चार पोरांनी ती तारीख वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतली आहे. मे महिन्यात बघतील की नाही माहीत नाही, पण लिहून घेतली.

आणि इथून नाताळ आला, बरं का, आपोआप. मी म्हटलं, आजपासून दिवस मोठा व्हायला लागणार. तीळ तीळ दिवस वाढतो म्हणतात ना, ते आपण संक्रांतीला म्हणतो पण सुरुवात आत्तापासूनच होते. तर मोहननगरहून येणारी माझी एक विद्यार्थिनी आहे, घरी ख्रिस्ती, तिने हात वर केला, मॅडम, म्हणून आमचा नाताळ आता येतो का? मी खरंच दोन मिनिटं विचार करत राहिले. तिला खरं तेच सांगितलं, की बायबलमध्ये येशूच्या जन्माची तारीख कुठेच दिलेली नाही, खूप नंतर, इसवी सन ३३६ मध्ये रोमला पंचवीस डिसेंबरला हा सण पाळत होते अशी नोंद सापडते, आणि त्या काळच्या रोमन कॅलेंडरमध्ये पंचवीस डिसेंबर हाच सगळ्यात लहान दिवस समजत. यावर मागच्या बाकावरून आवाज आला, मग जन्मतारीख कोणी लिहिली त्यायची? मला एकदम माझे सासरे आठवले. त्यांची जन्मतारीख कागदोपत्री १ जुलै आहे, त्यांच्या तीन भावांची पण १ जुलैच आहे, कारण गावच्या मास्तरांनी दाखल करताना लिहून टाकली. आईला एवढंच आठवत होतं की धानाची रोवणी सुरू होती. हे मी वर्गात सांगितलं तर दहा पोरांनी सांगितलं की आमच्या आजोबांची पण तशीच. मग त्या मोहननगरच्या पोरीने फार समजूतदारपणे मान हलवली, म्हणजे येशूची पण मास्तरांनीच लिहिली. यात मी काही दुरुस्त केलं नाही.

दुपारच्या तासांना स्टार केला, आणि हे जरा सविस्तर सांगते कारण ग्रुपवरच्या त्या बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात जास्त इथे दिसतं.

बाजारात प्लास्टिकचे स्टार पन्नास रुपयांपासून मिळतात, सदरला गेलं की दुकानंच्या दुकानं लाल-पांढरी झालेली असतात. पण आम्ही कामट्यांचा केला. बुरडाकडून दहा लांब कामट्या आणल्या, अठरा अठरा इंचाच्या, आणि पाच छोट्या कपाटामागच्या कंदिलातून निघाल्या. पाच लांब कामट्या एकमेकींवर अशा ठेवायच्या की पेन्सिल न उचलता काढतात तसा स्टार होतो, प्रत्येक टोक सद्दीने, म्हणजे पतंगाच्या साध्या दोऱ्याने, बांधायचं. असे दोन स्टार. मग एकावर एक ठेवून पाचही टोकं एकमेकांना बांधून टाकायची, आणि मग खरी मजा, मधे जिथे कामट्या एकमेकींना कापतात तिथे पाच ठिकाणी त्या छोट्या कामट्या आडव्या घुसवायच्या, की दोन्ही स्टार फुगून एकमेकांपासून दूर होतात आणि सपाट वस्तूचं एकदम पोट सुटतं. हे पहिल्या झटक्यात कधीच होत नाही. एक कामटी घुसवली की दुसरी निसटते. चार पोरांनी मिळून धरायचं, पाचव्याने बांधायचं, आणि सगळ्यांनी एकदम ओरडायचं. "मॅडम, हा सोडून राहिला! धर ना बे नीट!" पतंग उडवणारी पोरं यात पुढे असतात, त्यांना कामटी किती वाकते आणि कुठे मोडते ते बोटांना माहीत असतं. त्याच पोरांना मी त्याच वेळी परत एकदा नायलॉन मांजाबद्दल बोलून घेतलं, कारण डिसेंबरपासूनच गच्च्यांवर सुरू होतं आणि दरवर्षी कुणाचा तरी गळा कापल्याची बातमी येते. हातात साधी सद्दी असताना ते बोलणं जास्त पोचतं असं मला वाटतं.

मग प्रश्न आला कागद किती लागतील. मी फळ्यावर काहीच लिहिलं नाही, म्हटलं मोजा. पहिलं उत्तर आलं पाच. मग दहा, कारण मागची बाजू पण आहे. मग एक पोरगी उठली, ती एरवी गणितात रडते, पाढे म्हणताना तिचा आवाज जातो, ती जवळ आली आणि सांगाड्यात हात घालून एकेका टोकाला बोट लावून मोजायला लागली. समोर एक त्रिकोण, मागे एक, आणि टोकाच्या दोन्ही बाजूंना फटी राहतात तिथे अजून दोन. एका टोकाला चार. पाच चोक वीस. आणि मधे? मधे पाच कोनांचं भोक, एक पुढे, एक मागे. बावीस! तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, मॅडम, आज पण बावीसच तारीख आहे! त्या पोरीचा चेहरा मी विसरू शकत नाही. गणित दिवसाचं परिपत्रक म्हणत होतं की सूत्रांचे तक्ते लावा, प्रदर्शन भरवा. आम्ही बावीस कागद कापले, वीस त्रिकोण आणि दोन पंचकोन, पतंगी कागद पिवळा आणि तो जिलेटीनचा लाल ताव, मैद्याची खळ करून चिकटवले, मागचा पंचकोन एका बाजूने मोकळा ठेवला, बल्ब आत जायला.

मंगळवारी संत्री. अंबिया बहाराची संत्री आपल्याकडे या दिवसांत भरभरून येतात, प्रत्येकाने एक आणा म्हटलं तर काहींनी पिशवीभर आणली. तिसरीला अपूर्णांक असतात, पाव, अर्धा, पाऊण. पुस्तकात भाकरीचे आणि वर्तुळांचे तुकडे आहेत, ते नेहमी बरोबर समान असतात. संत्र्याचं तसं नाही. सोलायच्या आधी अंदाज लिहायचा की फोडी किती निघतील, मग सोलून मोजायच्या. कुणाला दहा, कुणाला अकरा, कुणाला बारा. बारावाले खुश, पाव म्हणजे तीन, पाऊण म्हणजे नऊ. दहावाल्याने विचारलं, माझा पाव कसा काढू? शेजारी म्हणाला, अडीच. अडीच कसे? आणि त्याने एक फोड मधोमध फाडून दाखवली, रस वहीवर. अकरावाल्या पोरीला मात्र काही केल्या पाव जमेना, ती शेवटी म्हणाली माझं मी अख्खंच खाते. सालं पिळून एकमेकांच्या डोळ्यांत उडवण्याचा कार्यक्रम झाला तो झालाच, तो थांबवता येत नाही, पण वर्गाला दोन दिवस तो वास होता. माझ्यासाठी नाताळचा वास केकचा नाही, हा आहे.

सांताबद्दल प्रश्न आला तो याच गडबडीत. एकाने संत्रा-क्लॉज म्हटलं, सगळे हसले, आणि मग दुसऱ्याने गंभीरपणे विचारलं, मॅडम, सांता खरा असते का? एकेचाळीस पोरं माझ्याकडे बघत होती. मी निकोलसची गोष्ट सांगितली. चौथ्या शतकात मायरा नावाच्या गावी, आजच्या तुर्कस्तानात, या नावाचा बिशप होता, आणि गोष्ट अशी सांगतात की एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या लग्नासाठी त्याने रात्री खिडकीतून पैसे टाकले, कोणाला कळू न देता. कळू न देता हे पोरांना सगळ्यात आवडलं. तर मग आम्ही चिठ्ठ्या काढल्या. विकत काही आणायचं नाही, हा नियम पक्का. ज्याचं नाव आलं त्याचं एक काम गुपचूप करायचं. दोन दिवसांत वर्गातल्या सगळ्या पेन्सिली टोकदार झाल्या, बाटल्या भरलेल्या सापडायला लागल्या, आणि एका पोराच्या वहीला कुणीतरी नवीन कव्हर घालून ठेवलं, कुणी ते अजून कळलेलं नाही.

हा नियम का पक्का ते पण सांगते. काही वर्षांपूर्वी मी सगळ्यांना लाल टोपी आणि लाल टी-शर्ट घालून या असं डायरीत लिहून दिलं होतं. फोटो फार सुंदर आला. एक मुलगा त्या दिवशी आला नाही. दोन दिवसांनी त्याची आई भेटली तेव्हा म्हणाली, ताप होता, आणि मग जाता जाता हळूच म्हणाली, मॅडम, एका दिवसासाठी कुठून आणू? तो फोटो मी ठेवलेला नाही. आजकाल एलकेजीपासून सांताचा पूर्ण ड्रेस सांगतात, तीनशे-चारशे रुपये, दोन तास घालायचा आणि मग तो लहान होतो. माझं स्पष्ट मत आहे की कुठल्याही सणाला पोराला शाळेत येण्याची किंमत पडता कामा नये, मग तो दहीहंडीचा कृष्ण असो की नाताळचा सांता.

आता देखावा. मोहननगरच्या पोरीने सांगितलं की त्यांच्या घरी गव्हाण करतात. गव्हाण हा शब्द एकेचाळीसपैकी किती जणांना माहीत असेल? मी विचारलं. शांतता. कुणी म्हणालं गव्हाचं शेत. मग तिसऱ्या रांगेतून एक हात वर आला, ऑटोवाल्याचा मुलगा, मौद्याकडून आलेलं कुटुंब, वाचताना अजून अडखळतो, जोडाक्षर आलं की थांबून माझ्या तोंडाकडे बघतो. तो उभा राहिला, "गव्हाण म्हणजे बैल जेवते ते. आमच्या आबाच्या कोठ्यात हाये. लाकडाची, लांब, अन मंधात आबानं दावं बांधाले खुंटा ठोकला हाये." आणि मग त्याने पाच मिनिटं सगळ्या वर्गाला समजावलं की तणस, म्हणजे धानाचा पेंढा, कसं टाकतात, कुटार कसं भिजवतात, बैल आधी काय खातो आणि काय उरवतो. मी खुर्चीवर बसून ऐकत होते. त्या वर्गात तेव्हा शिक्षक तो होता.

मग मी येशूजन्माची गोष्ट सांगितली, बेथलेहेम, जागा न मिळालेलं जोडपं, गोठ्यातला जन्म, गव्हाणीत ठेवलेलं बाळ, आणि तो लगेच अस्वस्थ झाला. "बाळाले गव्हाणीत कायले ठेवलं मॅडम? बैल चाटते ना त्याले!" कुणी हसलं नाही, कारण ही खरी अडचण होती.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने घरून काहीतरी आणलं. सांगितलं होतं की घरात आहे तेच. दिवाळीच्या किल्ल्यातले मावळे आले सात-आठ, त्यांच्या तलवारीला कापूस गुंडाळला आणि ते मेंढपाळ झाले. किल्ल्यावरची हिरवळ आली, वाळलेली, हळिवाची. कुणी गणपतीच्या मखराचं थर्माकोल आणलं त्याचं छप्पर झालं. गाढव मिळेना, तर घोड्याचे कान कागद चिकटवून लांब केले. आणि ऑटोवाल्याच्या मुलाने त्याचा तान्ह्या पोळ्याचा बैल आणला.

नागपूरबाहेर वाचणाऱ्यांसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा पोळा असतो, भोसल्यांच्या काळापासून चालत आलेला. लाकडी बैल, चाकांवर उभे, सजवून पोरं मिरवणुकीत नेतात आणि मग घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. हा बैल तळहातापेक्षा थोडा मोठा, जुना, पांढरा रंग पोटाकडे उडालेला, एका शिंगाला घुंगरू आणि दुसऱ्याला नुसता दोरा. त्याच्या आबाने करून दिलेला. त्याने तो गव्हाणीपाशी ठेवला, तर टेबल जरा तिरकं असल्यामुळे बैल चाकांवरून हळूहळू पुढे सरकायला लागला, थेट बाळाकडे. पोरगा धावत मैदानावर गेला आणि एक खडा घेऊन आला, पुढच्या चाकाखाली लावला. मग लांबून पाहिलं. मग परत जवळ जाऊन बैलाचं तोंड थोडं बाजूला वळवलं, चाटू नये म्हणून, आणि समोर तणसाची एक वेगळी मूठ ठेवली, त्याची त्याला.

मी किती देखावे पाहिलेत, मोठमोठ्या चर्चचे पाहिलेत, सदरला ऑल सेंट्स आणि एसएफएस या चर्चच्या बाजूने नाताळात फिरायला जातोच आम्ही. पण बैलाला वेगळं तणस दिलेलं मी कुठे पाहिलं नव्हतं.

चोवीस तारखेला कार्यक्रम. सकाळी परिपाठाला साने गुरुजींची आठवण, त्यांची प्रार्थना पोरांना पाठच आहे, पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना उघडावं म्हणून १९४७ ला त्यांनी उपोषण केलं ते थोडक्यात सांगितलं. दुपारी मोहननगरच्या पोरीची आई फराळाचा डबा घेऊन आली आणि वर्ग थक्क झाला, कारण त्यात करंज्या, चकल्या, शंकरपाळे आणि अनारसे होते. हे तर दिवाळीचं आहे, असं सगळे म्हणाले. ती म्हणाली, आमच्याकडे हे नाताळचंच आहे, केक पण आहे पण तो आज संध्याकाळी भट्टीतून येईल. बाकीच्यांनी आपापले डबे उघडले, दोघांकडे सांबारवडी होती, या दिवसांत सांबार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्त असतो ना, आणि पाच मिनिटांत कोणाचा डबा कोणाचा ते राहिलं नाही.

मग तिने गाणं म्हटलं. पोरांना वाटलं इंग्रजी असेल, सांता असलेलं. ती मराठीत म्हणायला लागली, आजीने शिकवलेलं भजन, अगदी अभंगाच्या चालीवर, आणि दुसऱ्या ओळीपासून वारकरी घरातल्या एका पोराने नकळत बाकावर ठेका धरला. रेव्हरंड ना. वा. टिळक काही काळ आपल्या नागपुरात राहून गेले, त्यांनी येशूवर मराठीत अभंग रचले, आपली भाषा आणि आपल्या चाली सोडल्या नाहीत, हे मला माहीत होतं, पण कधी समोर ऐकलं नव्हतं. नाताळ हा शब्द पोर्तुगीज आहे, येऊन इथलाच झाला, त्याचं गाणं तर मुळात इथलंच होतं.

पावणेपाचला स्टार लावला. डिसेंबरात उजेड लवकर उतरतो, खिडकीचे पडदे ओढले आणि बल्ब पेटवला. पिवळे त्रिकोण, मधे लाल पंचकोन, दोन ठिकाणी खळ जास्त झाली होती तिथे काळे डाग. बावीस मोजणारी पोरगी खालून परत मोजत होती.

त्यानंतर मी म्हटलं, चला, आपापलं सामान घरी न्या, उद्या सुट्टी आहे. मावळे गेले, घोडा गेला. ऑटोवाल्याचा मुलगा हात मागे घेऊन उभा.

"बैल नेणार ना?"

"आज कसा नेऊ मॅडम, बाळ तं आज रात्री होईन ना."

बरोबर होतं त्याचं. बैल राहिला, गव्हाण राहिली, आणि मी शिपाई काकांना सांगितलं की उद्या झाडताना त्या टेबलाला हात लावू नका.

शुक्रवारी तो सगळ्यांच्या आधी आला, घंटा व्हायच्या आधी, स्वेटरमध्ये गुंडाळलेला. आधी तणस पाहिलं, वाकून, बराच वेळ. मग बैल उचलला, चाकाखालचा खडा खिशात टाकला. बैल दप्तरात घातला पण पूर्ण नाही, शिंगं मोडतील म्हणून चेन अर्धीच लावली आणि तोंड बाहेर ठेवलं, आणि ते तोंड दिवसभर बाकाखालून माझ्याकडे बघत राहिलं, मी फळ्यावर हातच्याची वजाबाकी घेत होते तेव्हा पण.